पदकाची कड वाचा: महायुद्धातली हिंदी सैनिकांची मेडल्स अस्सल की बनावट, हे कसं ठरवायचं

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा ऑनलाइन लिलावात युद्धपदक विकायला येतं तेव्हा सोबत एक गोष्टही येते. आजोबा बसऱ्याला होते, पणजोबा इटलीत लढले, साताऱ्याच्या वाड्यातून माल निघाला. गोष्ट खरी असेलही, पण तिचे पैसे मोजू नका. पैसे धातूचे आणि धातूवर ठोकलेल्या नावाचे द्यायचे असतात.

हा लेख दोन महायुद्धांत ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या शिपायांना मिळालेल्या पदकांबद्दल आहे. महाराष्ट्रातल्या घरांत आणि बाजारांत तीच जास्त दिसतात. पहिल्या युद्धातलं साधं चांदीचं पदक लाखोंनी वाटलं गेलं. ते अख्खं बनावट करण्यात फारसा फायदा नाही, म्हणून लबाडी बहुतेक वेळा नावात होते. नाव घासून दुसरं घातलेलं असतं, शिपायाचा हवालदार झालेला असतो, किंवा साध्या पदकाशेजारी शौर्यपदक बसवलेलं असतं. म्हणून तपासणीचा मोठा भाग कडेवरच होतो, आणि राजाचा चेहरा बघण्यात वेळ घालवणारा माणूस बहुधा फसतो.

हातात काय हवं

घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक व्हर्निअर कॅलिपर, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा, लहान चुंबक, आणि बाजूने प्रकाश टाकता येईल अशी विजेरी. शक्य असेल तर खात्रीचं एखादं स्वस्त पदकही विकत घेऊन ठेवा. १९३९-४५ चं साधं वॉर मेडल किंवा पहिल्या युद्धातलं एखादं ब्रिटिश वॉर मेडल चालेल. तुलनेला अस्सल नमुना हाताशी असला की डोळा लवकर तयार होतो, फोटो बघून तसा होत नाही.

आधी ओळख पटवा

पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायाला साधारण तीन पदकं मिळत. पहिला ब्राँझचा स्टार, १९१४ चा किंवा १९१४-१५ चा. दुसरं ब्रिटिश वॉर मेडल. हे चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं असतं. एका बाजूला पाचव्या जॉर्जचं मस्तक आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा संत जॉर्ज, घोड्याच्या टापांखाली प्रशियाच्या गरुडाची ढाल आणि कवटी. वरची टांगणी सरळ पट्टीची असते आणि ती फिरत नाही. तिसरं व्हिक्टरी मेडल, ब्राँझचं, पंखवाल्या विजयदेवतेचं. ते कडीतून लटकतं आणि त्याची फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची असते.

यात एक नियम पाठ करून ठेवा. व्हिक्टरी मेडल एकटं कधी दिलं गेलं नाही, त्याच्यासोबत ब्रिटिश वॉर मेडल असायचंच. स्टार मिळालेल्याला बाकीची दोन्ही मिळाली. वॉर मेडल मात्र एकटं मिळू शकत होतं. तेव्हा 'पणजोबांना फक्त व्हिक्टरी मेडल मिळालं होतं' असं कुणी सांगितलं तर बाकीची हरवली किंवा विकली गेली, एवढाच त्याचा अर्थ. पदक त्यामुळे खोटं ठरत नाही.

ब्रिटिश वॉर मेडलचा ब्राँझमधलाही प्रकार आहे. मजूर पलटणींतल्या लोकांना तो दिला गेला. चिनी, माल्टाच्या आणि हिंदी मजुरांना मिळून साधारण १,१०,००० पदकं ब्राँझची निघाली. अनेक विक्रेते त्याला 'नक्कल' समजून बाजूला टाकतात, कारण चांदी नाही. खरं तर चांदीपेक्षा ते कितीतरी दुर्मिळ आहे. खंदक खणणाऱ्या, रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या माणसाचं नाव ज्यावर उरलंय अशा मोजक्या वस्तूंपैकी ती एक आहे. असं पदक दिसलं तर कडेवरचं नाव वाचल्याशिवाय खाली ठेवू नका.

दुसऱ्या महायुद्धात सहा टोकांचे पिवळसर स्टार आले: १९३९-४५, आफ्रिका, इटली, बर्मा, पॅसिफिक वगैरे. मध्यभागी मुकुट आणि सहाव्या जॉर्जची आद्याक्षरं. सोबत तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं वॉर मेडल, ज्याच्या मागे दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह आहे. आणि इंडिया सर्व्हिस मेडल, ज्याच्या मागे हिंदुस्थानचा नकाशा आहे.

कड: इथे घाई नको

पदक दोन बोटांत कडेने धरा. विजेरीचा उजेड जवळजवळ आडवा येऊ द्या, म्हणजे अक्षरांची सावली पडेल. आता भिंगातून कड सावकाश फिरवत वाचा. गोल पदकांवर नाव कडेवर असतं, पहिल्या युद्धातल्या स्टारवर ते मागच्या सपाट बाजूला असतं.

पहिल्या युद्धातल्या पदकांवर नाव ठोकलेलं असतं, म्हणजे एकेक अक्षर पोलादी ठशाने दाबलेलं. दाबलेल्या अक्षराचा तळ सपाट असतो, खोली सगळीकडे साधारण सारखी असते आणि अक्षराच्या काठाशी धातू किंचित वर आलेला दिसतो. कोरलेलं अक्षर वेगळं दिसतं. त्यात धातू कापून काढलेला असतो, रेघ सुरुवातीला बारीक, मधे खोल आणि शेवटी पुन्हा बारीक होते, तळाला चमकदार चर दिसते. पहिल्या युद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलवर शिपायाचं नाव कोरलेलं आढळलं तर सावध व्हा. नंतर कुणीतरी सोनाराकडून घालून घेतलेलं असण्याची शक्यता मोठी असते.

पुढची गोष्ट मोजायची आहे. दुसऱ्याचं नाव घालायचं तर आधीचं काढावं लागतं, आणि घासल्याशिवाय ते निघत नाही. घासलं की तेवढ्या भागात पदकाचा व्यास कमी होतो. कॅलिपरने एकदा वरून खाली मोजा, मग आडवं, मग दोन्ही तिरक्या दिशांनी. अस्सल पदकात हे आकडे जवळजवळ सारखे येतात. नाव असलेल्या बाजूने आकडा एक-दोन दशांश मिलिमीटरने कमी आला, तर तिथली कड कानशीने खाल्लेली आहे. शहाणा घासणारा सगळीकडून सारखं घासतो. तेव्हा पूर्ण व्यासच ३६ पेक्षा कमी भरतो, आणि समोरच्या बाजूच्या अक्षरांभोवतीची उंच किनार पातळ दिसू लागते. कडेवर आडव्या बारीक रेघा, एखाद्या जुन्या अक्षराची पुसट शेपटी, बाकी पदक काळवंडलेलं पण कड मात्र उजळ, या तिन्ही खुणा एकच गोष्ट सांगतात.

अर्धवट बदल पकडायला जास्त अवघड असतात. नाव आणि नंबर तसेच ठेवून फक्त हुद्दा किंवा पलटण बदललेली असते. शिपाई हा हुद्दा कडेवर इंग्रजीत 'सेप' असा आखूड लिहिलेला असतो, तो खोडून लांब हुद्दा बसवायला जागा कमी पडते. म्हणून अक्षरांमधलं अंतर बघा. एका शब्दाची अक्षरं दाटीवाटीने बसलेली, उंचीला किंचित वेगळी किंवा रेषेच्या खाली-वर असतील तर तेवढाच भाग पुन्हा भिंगाखाली घ्या. अर्थात सरकारी दुरुस्त्याही झालेल्या आहेत. टाकसाळीतच एखादं अक्षर चुकलं आणि तिथेच सुधारलं, असं घडत असे. अशा दुरुस्तीत बाकीच्या नावाच्या ठशांचीच अक्षरं वापरलेली दिसतात.

कडेवर एकटं 'आर' हे अक्षर किंवा 'रिप्लेसमेंट' असा शब्द असेल तर ते हरवलेल्या पदकाच्या बदली सरकारने दिलेलं आहे. ते अस्सल, पण किंमत कमी. 'कॉपी' असं लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला. मात्र हा शब्द घासून काढायचे प्रकार होतात, तेव्हा नाव नसलेली, गुळगुळीत, चकचकीत कडसुद्धा संशयास्पदच धरा.

आता दुसऱ्या युद्धाचे स्टार. ब्रिटिश सैनिकांना ते नावाशिवाय दिले गेले. हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका इथल्या सैनिकांच्या स्टारवर सहसा मागच्या बाजूला नाव असतं. म्हणून नाव नसलेला बर्मा स्टार खोटा नाही, पण 'हा अमुक मराठा शिपायाचा' या दाव्याला तो पुरावाही होऊ शकत नाही. त्याची किंमत साध्या कोऱ्या स्टारचीच द्या.

नाव इतिहासाशी जुळतं का

इथे अनेक बनावट मेडल्स गळून पडतात, कारण खोटं नाव घालणारा बहुधा पलटणींचा इतिहास वाचत नाही.

पहिल्या युद्धात मराठ्यांच्या पलटणींना तीन आकडी नंबर होते: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. १९२२ च्या फेररचनेत त्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या. १०३ वी झाली पहिली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी. म्हणून पहिल्या युद्धातल्या पदकावर जुना तीन आकडी नंबर अपेक्षित असतो. इंग्रजी स्पेलिंगही बघा. त्या काळात सरकारी कागदांत आणि पदकांवर 'मराठा' हा शब्द मधे एच आणि दोन टी घालून लिहीत. आजचं सुटसुटीत स्पेलिंग १९१९ च्या पदकावर दिसलं तर कड पुन्हा तपासा.

महार सैनिकांच्या बाबतीत तारखा आणखी बोलक्या आहेत. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. 'महार रेजिमेंट' असं लिहिलेलं पहिल्या युद्धाचं पदक असूच शकत नाही. उलट '१११ महार्स' असं अस्सल ठोकलेलं नाव मिळालं तर ती फार मोलाची वस्तू आहे. चार वर्षांच्या पलटणीच्या खुणा किती उरणार?

मग रणांगण जुळवा. सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमाराला शरणागती झाली तेव्हा त्यांतले वाचलेले लोक तुर्कांच्या कैदेत गेले. या माणसांचा स्टार १९१४-१५ चा. १९१४ चा स्टार फक्त फ्रान्स आणि बेल्जियममध्ये ऑगस्ट ते नोव्हेंबर १९१४ दरम्यान असलेल्यांना मिळाला. त्यावर मधे '१९१४' आणि वर-खाली 'ऑग' आणि 'नोव्ह' अशा तीन फिती कोरलेल्या असतात. ११० व्या पलटणीच्या नावाचा १९१४ चा स्टार समोर आला तर तो माणूस तेव्हा फ्रान्सला कसा पोचला, याचा कागद मागा.

ब्रिटिश वॉर मेडलच्या फितीवर 'मेसोपोटेमिया' अशी पट्टी लावलेली असेल तर ती खासगी हौस आहे. अशा पट्ट्यांचा विचार झाला होता, पण सैन्याला त्या कधी दिल्या गेल्या नाहीत. इराक, कुर्दिस्तान, वझिरीस्तान अशा पट्ट्या असतात त्या वेगळ्या पदकांवर, जनरल सर्व्हिस आणि इंडिया जनरल सर्व्हिस मेडलवर.

दुसऱ्या युद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनने १९४१ मध्ये एरिट्रियात केरनची लढाई लढली, त्यासाठी आफ्रिका स्टार. पुढे तीच बटालियन इटलीत होती, आणि १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. चौथी बटालियन १९४४ च्या मार्चमध्ये सांगशाकला जपान्यांशी भिडली, तिच्या लोकांना बर्मा स्टार. एकाच माणसाच्या पट्टीवर इटली आणि बर्मा दोन्ही असणं अशक्य नाही, बदल्या होत असत. पण तसं दिसलं की सगळ्या पदकांवरचा नंबर आणि नाव एकच आहे ना, हे आधी वाचा. वेगवेगळ्या माणसांची पदकं एका पट्टीवर ओवून 'संच' म्हणून विकणं ही या धंद्यातली सर्वात सोपी युक्ती आहे.

धातू

चुंबक लावा. चांदी, ब्राँझ आणि तांबं-निकेल, यांपैकी काहीच चिकटत नाही. चिकटलं तर विषय संपला.

ओतीव नक्कल भिंगात कळते. अस्सल पदक ठशाने दाबून काढलेलं असतं, त्यामुळे संत जॉर्जच्या घोड्याची आयाळ, राजाच्या दाढीचे केस आणि अक्षरांचे कोपरे झिजलेले असले तरी मुळात धारदार असतात. ओतीव मालात सगळं थोडं मऊ, साबणासारखं दिसतं, मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढी भोकं असतात आणि कडेवर कधी साच्याची सांधरेषा सापडते. धातू थंड होताना आकसतो, म्हणून व्यासही किंचित कमी भरतो.

चांदी खरी का, हे बघायला सोनाराला पदक घासू देऊ नका. घनता काढा. पदक कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याने पदक पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि भिंतीला लागणार नाही असं धरा. काटा जे ग्रॅम दाखवेल तेवढं पदकाचं आकारमान घनसेंटिमीटरमध्ये. पदक ३१ ग्रॅमचं आणि पाण्यातला आकडा ३ आला तर घनता १०.३, म्हणजे स्टर्लिंग चांदीच्या जवळ. ८.५ ते ८.९ च्या आसपास आली तर पितळ, जर्मन सिल्व्हर किंवा तांबं-निकेल. टांगणीच्या सांध्यात हवेचे बुडबुडे अडकतात, ते हलवून घालवा. फीत आधी काढून ठेवायची हे सांगायला नकोच.

झीज आणि डाक (धातूचा जोड)

झीज कुठे झालीय हे ती किती झालीय यापेक्षा महत्त्वाचं आहे. छातीवर एका रांगेत लटकणारी पदकं चालताना एकमेकांवर आपटतात. स्टारची टोकं शेजारच्या चांदीच्या पदकावर बारीक खड्डे पाडतात. खरोखर वापरलेल्या तिकडीत वॉर मेडलच्या दर्शनी बाजूला, स्टारच्या दिशेला, असे टिचके दिसतात. खोटी झीज सगळीकडे सारखी असते. रसायनाने काळवलेलं पदकही सपाट काळं दिसतं आणि खोबणीत रंगाचे थर साचलेले असतात. खरा काळेपणा मात्र उंच भागावर विरळ आणि अक्षरांच्या बेचक्यात दाट असतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. घरच्या माणसांनी पदकं सणावाराला चिंचेने, राखेने, भांड्यांच्या पावडरीने घासली. काहींनी वरची टांगणी काढून कडी डाकून घेतली आणि पदक गळ्यातल्या माळेत ओवलं. असं पदक अस्सल असतं, फक्त त्याचं बाजारमूल्य उतरतं. मला स्वतःला अशी पदकं फार जवळची वाटतात, कारण ती ज्या घरात आली त्या घरात ती खरोखर वापरली गेली. डाक दिसला म्हणून 'नक्कल' म्हणू नका, कड वाचा.

फितीवर फार भरवसा ठेवू नये. अतिनील दिव्याखाली निळसर पांढरी चमकणारी फीत नवी असते किंवा आधुनिक साबणाने धुतलेली असते, पण फिती तर सैनिक स्वतःच बदलत असत. चमकणारी फीत म्हणजे खोटं पदक नव्हे, आणि जुनी जीर्ण फीत म्हणजे खरं पदकही नव्हे.

शौर्यपदक असेल तर कागद आधी

इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल १९०७ मध्ये सुरू झालं. त्याच्या मागे पानांच्या वलयात 'फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस' असं असतं. पहिल्या युद्धातल्या पदकावर राजाच्या मस्तकाभोवतीच्या मजकुरात 'कैसर-ए-हिंद' हवं. नंतरच्या ठशाचं लॅटिन मजकूर असलेलं पदक १९१६ च्या शौर्यासाठी म्हणून दाखवलं तर ते जुळत नाही.

व्हिक्टोरिया क्रॉस लंडनच्या हॅनकॉक्स या पेढीत बनतो. मिळवणाऱ्याचं नाव वरच्या पट्टीच्या मागे आणि पराक्रमाची तारीख क्रॉसच्या मागे मधोमध कोरलेली असते. मिळवणारा प्रत्येक माणूस नोंदलेला आहे, त्यामुळे बाजारात चादरीवर मांडलेला व्हिक्टोरिया क्रॉस नकलीच धरून चाला. पहिल्या युद्धातल्या मृतांच्या घरी गेलेली मोठ्या ब्राँझच्या स्मृतिचकतीचीही नक्कल ओतून बनवतात. अस्सल चकतीवर नाव चौकटीत उठावाचं असतं आणि हुद्दा नसतो. हुद्दा कोरलेला दिसला की पुढे बघू नका.

कोणतंही शौर्यपदक घेण्याआधी नाव छापील गॅझेटमध्ये सापडायला हवं. लंडन गॅझेट इंटरनेटवर मोफत शोधता येतं, हिंदी पदकांसाठी गॅझेट ऑफ इंडिया बघा.

सैनिक युद्धात वारला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधा. तिथे हिंदी सैनिकाच्या नावापुढे अनेकदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. नाव टाकून शोधू नका, कारण तेव्हाच्या कारकुनांनी जाधव, शिंदे, कदम यांची स्पेलिंगं मनाला येतील तशी लिहिली आहेत. पलटण आणि नंबर टाका. नंबर त्या त्या पलटणीपुरताच असे, म्हणून दोन्ही जुळले पाहिजेत. मेसोपोटेमियातल्यांसाठी बसरा मेमोरियल, फ्रान्ससाठी न्यू शापेल, आणि इथल्यांसाठी खडकीचं युद्धस्मारक. घरातून आलेलं पदक असेल तर डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, जंगी इनामाची सनद यांपैकी काही आहे का विचारा. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले' अशी दगडी पाटी अजून आहे, ती बघून या. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला आणि मध्य प्रदेशातल्या सागरच्या महार रेजिमेंटल सेंटरला नंबर-हुद्द्यासह पत्र लिहिता येतं.

व्यवहार

ऑनलाइन घेताना कडेचे सलग चार-पाच फोटो मागा, आडव्या उजेडात काढलेले. 'फोटो नीट येत नाही' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. पावतीवर 'जुनं मेडल' एवढंच नको. पदकाचं नाव, धातू, कडेवरचा पूर्ण मजकूर आणि 'अस्सल नसल्यास परत' हे लिहून घ्या.

शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या युद्धाच्या पदकांनी ती मर्यादा ओलांडली आहे. तेव्हा परदेशातल्या नातेवाइकाकडे किंवा तिथल्या लिलावात पाठवायच्या आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे लेखी विचारणा करा.

घरी आणल्यावर घासू नका. कडेचा मजकूर अक्षर न् अक्षर, स्पेलिंगच्या चुकांसकट, वहीत उतरवून घ्या, सोबत चारही दिशांची मापं आणि घनता लिहा. मग पदक आम्लमुक्त कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आणि संचातली पदकं एकमेकांपासून वेगळी करायची वेळ आली तर प्रत्येकासोबत बाकीच्यांची नोंद असलेली चिठ्ठी घाला.